गेलस्कॉलची इमारत रखडली आहे. मुलीला काढून घ्यावे का?

आदरणीय काकू,

आम्ही डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावरील एका गावात राहतो. मी परिचारिका आहे आणि यजमान एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. मोठी मुलगी येथील गेलस्कॉलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या प्राथमिक शाळेत, तिसरीत शिकते आणि धाकट्याचे नाव येत्या सप्टेंबरसाठी घातले आहे. शाळा सुरू झाली तेव्हापासून ती हर्लिंग खेळणाऱ्या एका क्लबशेजारच्या भाड्याच्या जागेत आणि प्रीफॅब, म्हणजे तयार आणून ठेवलेल्या तात्पुरत्या, खोल्यांत भरते. नवी इमारत मंजूर झाल्याला सहा वर्षे होऊन गेली. ठरलेल्या भूखंडाला कुंपण घातले आहे आणि आत गवत वाढले आहे. गेल्या महिन्यात शाळेकडून निरोप आला : ‘प्रकल्प आराखड्याच्या टप्प्यात असून यंदाच्या निविदा-यादीत नाही, निधीची उपलब्धता पाहून पुढील निर्णय होईल.’ तेव्हापासून पालकांचा व्हॉट्सअॅप गट पेटला आहे. कोणी डब्लिनला मोर्चा न्या म्हणतात, कोणी बेल्फास्टच्या न्यायालयाचा एक निकाल फिरवून ‘कोर्टात जाऊ’ म्हणतात, आणि तीन कुटुंबांनी मुले काढून जवळच्या इंग्रजी शाळेत घातली, कारण तिची इमारत कोरी करकरीत आहे. आमच्या सासूबाईंना मुळातच हा आयरिशचा हट्ट पटलेला नाही. ‘मराठी राहिली बाजूला, आणि ही कुठली भाषा, तीही डब्यात बसून?’ असे त्या फोनवर विचारतात. अशातच मला पालक संघाच्या समितीवर येण्याचा आग्रह होतो आहे. मी बाहेरून आलेली. मला यात बोलण्याचा काय अधिकार? आणि मुलीला काढून घ्यावे का?

एक आई

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे शाळेकडून आलेला तो दोन ओळींचा निरोप. तो शब्दशः उतरवून पाठवल्याबद्दल आभार, कारण त्यात दोन विधाने एकमेकांशेजारी बसवली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. प्रकल्प आराखड्याच्या टप्प्यात असेल, तर बांधकामाच्या निधीचा प्रश्न अजून उद्भवलेलाच नाही. आणि प्रश्न खरोखर बांधकामाच्या निधीचा असेल, तर आराखडा पूर्ण होऊन फाईल निविदेच्या दारात उभी असली पाहिजे. यांपैकी खरे काय ते तुमच्या गटातील एकालाही ठाऊक नसावे, असे मला पत्रावरून वाटते. मोर्चा, कोर्ट आणि मुलीला काढणे या तिन्ही गोष्टींचा विचार त्यानंतर करता येईल.

माझी दोन्ही मुले अशाच एका शाळेत शिकली आणि तिच्या व्यवस्थापन मंडळावर मी चार वर्षांची एक मुदत पालकांची प्रतिनिधी म्हणून काढली, म्हणून हे जरा अधिकाराने लिहिते आहे. आयर्लंडमध्ये शाळेच्या मोठ्या बांधकामाची फाईल ठरलेल्या टप्प्यांतूनच पुढे सरकते. पहिल्या टप्प्यात जागेची पाहणी आणि प्राथमिक आराखडा होतो. दुसऱ्याचे दोन भाग असून सगळे त्यांना ‘टू-ए’ आणि ‘टू-बी’ म्हणतात. टू-एमध्ये आराखडा आणि अंदाजपत्रक पक्के होते, आणि टू-बीमध्ये नियोजन परवानगी, अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र, दिव्यांगांसाठीच्या सोयींचे प्रमाणपत्र आणि निविदेची सगळी कागदपत्रे तयार होतात. तिसरा टप्पा निविदेचा आणि चौथा प्रत्यक्ष बांधकामाचा. टप्प्याचा अहवाल वास्तुविशारदाच्या चमूने शिक्षण खात्याच्या नियोजन व बांधकाम विभागाकडे पाठवायचा, विभागाने तो तपासून शेरे मारायचे, त्या शेऱ्यांची पूर्तता करायची आणि मग लेखी परवानगी हाती आली की पुढचा टप्पा सुरू करायचा, असा हा क्रम आहे. हा विभाग डब्लिनमध्ये नसून ऑफली काउंटीतील टलामोर या गावी आहे. आमच्या मंडळाच्या बैठकीत तर ‘टलामोर काय म्हणते?’ हा विषयपत्रिकेवरचा कायमचा विषय झाला होता, आणि एखाद्या रुसलेल्या मामंजींची चौकशी करावी तशा सुरात तो विचारला जाई.

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण सोबत घेऊनच विमानात बसतो, त्यामुळे विलंब दिसला की खात्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. मीही तेच केले. आमची फाईल टू-एवर अडकली होती तेव्हा मी बैठकीत दोन वेळा तावातावाने बोलले, स्थानिक वर्तमानपत्राला पत्रही लिहिले. पुढे कळले की खात्याने सांडपाण्याच्या निचऱ्याविषयी आणि मोटारी वळवण्याच्या जागेविषयी शेरा मारून अहवाल केव्हाच परत पाठवला होता, आणि तो सात महिने आमच्याच बाजूला कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून होता. वास्तुविशारदाला वाटत होते की भूमापनाचा अहवाल मंडळ देणार, आणि मंडळाला वाटत होते की तो वास्तुविशारद मागवणार. त्या सात महिन्यांत निधीचा संबंध कोठेच नव्हता. ज्या बैठकीत हा उलगडा झाला तिच्यात मुख्याध्यापकांनी माझ्याकडे मुद्दाम पाहिले नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

निधी खरोखर आटतो तेव्हा काय होते याचेही उदाहरण आहे. २०२३ च्या वसंतात निविदेपर्यंत पोहोचलेले अनेक शाळा-प्रकल्प पैशाअभावी रोखल्याची बातमी आली. बांधकामाचे दर त्याआधीच्या दोन वर्षांत भडकले होते आणि युक्रेनमधून आलेल्या मुलांची व विशेष गरजांच्या मुलांची सोय करण्याचा भार त्याच भांडवली तरतुदीवर पडला होता. पालक आणि विरोधी पक्ष यांनी आवाज उठवला, सरकारने त्या वर्षासाठी वाढीव भांडवली निधी दिला आणि रोखलेल्या प्रकल्पांची वाट मोकळी झाली. मात्र ती मोकळी झाली ज्यांची कागदपत्रे पूर्ण होती त्यांच्यासाठी. आराखड्यात अडकलेल्या शाळांना त्या वाढीव निधीचा तातडीने काहीच उपयोग नव्हता. म्हणून मी तुम्हाला सांगते की पैसा ही शेवटची अडचण आहे आणि ती तुमच्या हातात नाही. तिच्या आधीच्या ज्या चार-पाच अडचणी आहेत त्यांपैकी निम्म्या तुमच्या गावात, तुमच्या शाळेत आणि कधीकधी तुमच्या शाळेच्या फाटकासमोर आहेत.

फाटकासमोर म्हणजे काय ते सांगते. नियोजन परवानगीचा अर्ज दाखल झाला की पाच आठवड्यांच्या आत वीस युरो भरून कोणालाही त्यावर हरकत नोंदवता येते, आणि परवानगी मिळाल्यावर तशी हरकत नोंदवलेल्याला चार आठवड्यांच्या आत अपील करता येते. नव्या शाळेला हरकत घेणारे शेजारी आयरिश भाषेचे वैरी असतात असे क्वचितच घडते. बहुतेकांचे म्हणणे सकाळी पावणेनऊ वाजता त्यांच्या दारासमोर आडव्या लावलेल्या मोटारींविषयी असते. तुमच्या समितीने पहिल्याच महिन्यात करण्याजोगे काम असेल तर ते हेच, की आताच्या जागेसमोर आणि नव्या भूखंडाच्या रस्त्यावर आपले पालक मोटारी कशा लावतात ते दोन सकाळी उभे राहून पाहावे आणि ज्यांच्या फाटकासमोर आपण उभे राहतो त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे. एका अपिलाने किती महिने जातात हे मी येथे लिहीत नाही, कारण ते वाचून तुम्ही समितीवर येणार नाही.

परवानगी मिळालेली असेल तर तिची तारीखही विचारून घ्या. ती सर्वसाधारणपणे पाच वर्षे टिकते. सहा वर्षे रखडलेल्या प्रकल्पात ती संपत आली आहे का, आणि मुदतवाढीचा अर्ज कोण करणार आहे, हे तुमच्या गटातील एकाही संतप्त संदेशात आलेले नसावे.

आता तुमच्या सासूबाईंच्या ‘डब्यात बसून’ या शब्दांकडे येते, कारण ते मनाला लागणारे आहेत आणि खरेही आहेत. माझा मुलगा ज्या प्रीफॅबमध्ये बसे तिचे छप्पर पत्र्याचे होते. पाऊस जोराचा आला की शिक्षिका धडा थांबवून खडू खाली ठेवी, मुले हात डोक्यावर ठेवून गप्प बसत आणि सर मंदावली की सगळे पुन्हा सुरू होई. आयर्लंडमधील पावसाचे प्रमाण पाहता भाषेचे किती तास त्या पत्र्याने खाल्ले असतील कोण जाणे. खोलीत स्वच्छतागृह नव्हते. ‘अन विल क्यॅड अगम दुल गो डी अन लेहरस’, म्हणजे ‘मला स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी आहे का’, हे आयरिशमधले असे एक वाक्य आहे की जे या देशात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला म्हातारपणीही तोंडपाठ असते. आमचा मुलगा ते पहिल्या आठवड्यातच शिकला, आणि दुसऱ्या आठवड्यात ते म्हणायचे टाळू लागला, कारण परवानगी मिळाल्यावर अंगात कोट चढवून, पटांगण ओलांडून क्लबच्या इमारतीपर्यंत भिजत जावे लागे. पाच वर्षांचे मूल दोन वाजेपर्यंत थांबून राहते याची तक्रार मी पहिल्यांदा केली तेव्हा मला उत्तर मिळाले की नवी इमारत येतेच आहे.

हे उत्तर तुम्ही कधीही मान्य करू नका. ‘नवी इमारत येतेच आहे’ या एका वाक्याखाली गळके छप्पर, बंद पडलेला हीटर, भिंतीवरची बुरशी आणि बाहेरचे स्वच्छतागृह हे सगळे वर्षानुवर्षे झाकले जाते. खात्याकडे तातडीच्या दुरुस्तीसाठी वेगळी योजना आहे आणि वाढीव वर्गखोल्यांसाठीही वेगळी योजना आहे. मोठा प्रकल्प रांगेत आहे एवढ्यावरून आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असलेली गोष्ट तशीच ठेवावी असा कोठे नियम नाही. अर्ज व्यवस्थापन मंडळाने करायचा असतो, पालक संघाने नव्हे, परंतु मंडळाला तो करायला लावणे आणि त्यासाठी तारीख घातलेली छायाचित्रे पुरवणे हे काम पालक संघाइतके चांगले कोणी करू शकत नाही. आमच्या शाळेत दोन प्रीफॅबना स्वच्छतागृहे जोडून मिळाली ती याच मार्गाने. तेव्हा नव्या इमारतीचा पत्ता नव्हता.

तुमच्या गटात ‘हे सरकार आयरिशच्या विरोधात आहे’ असा सूर आहे, असे पत्रातून जाणवते. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते जेथे दाखवले जाते तेथे नाही. येथील जुन्या प्राथमिक शाळा बहुतांशी चर्चच्या जमिनीवर उभ्या आहेत. गावात चर्च, शेजारी शाळा, आणि दोघांची जमीन पॅरिशची, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाची. गेलस्कॉलची आताची पिढी १९७० च्या दशकापासून पालकांच्या समित्यांनी एकेक करून उभी केली. त्यांच्याकडे हौस होती, पाच-पन्नास नावांची यादी होती, जमीन मात्र नव्हती. त्यामुळे त्यांची सुरुवात क्लबच्या खोलीत, भाड्याच्या सभागृहात किंवा वाहनतळावरच्या प्रीफॅबमध्ये झाली आणि भूखंड मिळवण्यात इतर शाळांहून कितीतरी अधिक वर्षे गेली. हा भेदभाव कोणी ठरवून केलेला नाही, पण त्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते. भूखंड तुमच्याकडे आहे, त्यावर कुंपणही आहे, म्हणजे या शर्यतीतला सर्वांत लांबचा पल्ला तुम्ही ओलांडलेला आहे हे त्या गवताकडे पाहताना लक्षात असू द्या.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. खात्याने देश ३१४ नियोजन-क्षेत्रांत वाटला आहे आणि कोणत्या क्षेत्रात किती मुलांना जागा लागणार याचा अंदाज बांधून पैसा वाटला जातो. ज्या मुलाला कोठेच जागा नाही त्याला आधी जागा द्यायची, हे खात्याचे पहिले सूत्र आहे आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण या सूत्रात तुमच्या मुलीला जागा ‘आहे’. ती बुरशी धरलेल्या प्रीफॅबमध्ये असली तरी कागदावर ती बसलेली आहे. त्यातच देशभर प्राथमिक शाळांचा पट काही वर्षांपासून उतरतो आहे आणि माध्यमिक व विशेष वर्गांकडे ओढा आहे. म्हणून तुमच्या समितीने ‘आम्हाला नवी शाळा हवी’ या वाक्यापेक्षा ‘या शाळेची अमुक मुले तात्पुरत्या खोल्यांत बसतात, त्या खोल्यांचे भाडे सरकार इतकी वर्षे भरते आहे आणि दरवर्षी इतक्या मुलांना प्रवेश नाकारावा लागतो’ हे आकडे मांडावेत. भाड्याचा आकडा विशेष परिणाम करतो. तो माहितीच्या अधिकाराखाली खात्याकडून मागता येतो. अर्जाला शुल्क नाही, शोधकाम मोठे निघाले तर मात्र आकार पडू शकतो, आणि निर्णय साधारणपणे वीस कामकाजी दिवसांत द्यावा लागतो.

मुलीला काढण्याच्या प्रश्नाचे उत्तर याच हिशेबात दडले आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला शाळेत किती मुले आहेत, या एका आकड्यावर पुढच्या वर्षी शिक्षक किती मिळणार ते ठरते, दरडोई अनुदानही पटावर मिळते आणि नव्या इमारतीत वर्गखोल्या किती असाव्यात याचा आधारही शेवटी पटच असतो. आठ मुले गेली तर एक शिक्षक जाऊ शकतो, शिक्षक गेला तर दोन इयत्ता एका खोलीत येतात, ते पाहून आणखी मुले जातात, आणि ठरलेला आराखडा पुन्हा तपासायला घेतला गेला तर तो पहिल्या टप्प्यावर येऊन बसतो. इमारतीला कंटाळून मुले काढणारे पालक नकळत इमारतच लांबवतात. हे मी त्या तीन कुटुंबांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांच्या घरची परिस्थिती आपल्याला माहीत नाही आणि सात वर्षांच्या मुलावर संस्थेचे ओझे टाकू नये, हेही मला मान्य आहे. तुमच्या मुलीला दम्याचा त्रास असता आणि खोलीत बुरशी असती, तर मी तुम्हाला उद्याच काढा म्हणाले असते. पण तुमच्या पत्रात ती शाळेला कंटाळली आहे असे एकही वाक्य नाही. कंटाळले आहेत ते मोठे.

सासूबाईंना काय सांगावे हे तुम्ही विचारलेले नाही, तरी विचारल्यासारखेच आहे. गेलस्कॉलमध्ये पहिल्या दिवशी बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांच्या घरी आयरिश बोलली जाते. २०२२ च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहिले, आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले ७१,९६८. म्हणजे ज्या घरात मराठी बोलली जाते त्या घरातले मूल येथे मागे पडलेले नसते. सगळेच एका रेषेवरून सुरुवात करतात. इंग्रजी शाळेत गेली असती तर तिच्या उच्चारांना कोणीतरी हसले असते. येथे सगळ्यांचेच उच्चार शिक्षिका सारख्या प्रेमाने दुरुस्त करते. मराठी टिकवण्याचे काम कोणतीच शाळा करणार नाही, ते रोज रात्री फोनवर सासूबाईच करतात, आणि त्यांना हे एकदा स्पष्ट सांगितले तर त्यांचा आयरिशवरचा राग थोडा निवळेल असे मला वाटते.

आता अधिकाराविषयी. पालक संघावर येण्यासाठी तुमचे मूल त्या शाळेत असणे एवढेच पुरते. नागरिकत्व नसेल तर डॉइलच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत तुम्हाला मत नाही, पण काउंटी परिषदेच्या निवडणुकीत येथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मत आहे, मग तो कोणत्याही देशाचा असो. ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी निम्म्यांना माहीत नसते आणि उरलेल्यांनी नाव नोंदवलेले नसते. शाळेच्या दृष्टीने परिषद महत्त्वाची आहे, कारण कोणती जमीन शाळेसाठी राखायची, रस्ता कोठून काढायचा, पदपथ कधी द्यायचा हे तेथेच ठरते. खासदाराकडेही, ज्याला येथे टीडी म्हणतात, तुम्ही अवश्य जा. त्याच्या मतदारसंघातल्या भेटीच्या वेळेला ‘क्लिनिक’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले की साहेब डॉक्टरही आहेत.

टीडीकडे गाऱ्हाणे घेऊन न जाता प्रश्न घेऊन जा. तो शिक्षणमंत्र्यांना संसदेत लेखी प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध होते. ‘अमुक शाळेची इमारत केव्हा होणार?’ असे विचारले तर ‘प्रकल्प आराखड्याच्या टप्प्यात असून निश्चित तारीख सांगणे शक्य नाही’ हे ठरलेले उत्तर येते, म्हणजे तुमच्या निरोपातील वाक्यच फिरून तुमच्याकडे येते. त्याऐवजी असे विचारायला सांगा : ‘या शाळेचा टू-बी अहवाल विभागाला कोणत्या तारखेला मिळाला, त्यावरील शेरे वास्तुविशारदाला कोणत्या तारखेला पाठवले, त्यांची पूर्तता झाली का, झाली नसेल तर कोणत्या बाबी शिल्लक आहेत, आणि नियोजन परवानगीची मुदत कधी संपते?’ तारखा विचारल्या की उत्तर तारखांतच द्यावे लागते. न दिले तर तेही छापले जाते, आणि दुसऱ्या प्रश्नाला ते पुरते. त्याआधी खात्याच्या संकेतस्थळावरची काउंटीवार प्रकल्प-यादी पाहा. तिच्यात तुमच्या शाळेसमोर टप्पा लिहिलेला असेल आणि तो निरोपातल्या टप्प्याशी जुळतो की नाही हे पाच मिनिटांत कळेल.

खात्याला पत्र आयरिशमध्ये लिहावे असा आग्रह तुमच्याकडेही कोणीतरी धरील. राजभाषा कायद्यानुसार आयरिशमध्ये आलेल्या पत्राला आयरिशमध्येच उत्तर देणे सरकारी कार्यालयांवर बंधनकारक आहे, आणि शाळेच्या मंडळाने तो हक्क जरूर बजावावा. त्यामुळे काम लवकर होते असा मात्र माझा अनुभव नाही. अभियंत्याच्या शेऱ्यांविषयीचा पत्रव्यवहार ज्या भाषेत तो अभियंता लिहितो तिच्यात करावा, एवढे व्यवहारज्ञान भाषाप्रेमाच्या आड येत नाही.

बेल्फास्टच्या निकालाविषयी थोडक्यात. तो २०११ चा आहे, एका आयरिश माध्यमाच्या माध्यमिक शाळेतील मुलांच्या वाहतुकीविषयीचा. बेल्फास्ट ज्यात येते त्या, ब्रिटनच्या अखत्यारीतील उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शिक्षणविषयक आदेशाने आयरिश माध्यमाच्या शिक्षणाला उत्तेजन व साहाय्य देण्याचे कर्तव्य तेथील खात्यावर टाकले आहे, आणि ते कर्तव्य नुसती सदिच्छा नाही असे न्यायाधीशांनी म्हटले. तुम्ही सीमेच्या दक्षिणेला राहता. तुमचे खाते वेगळे, कायदा वेगळा. तो निकाल गटात फिरवून धीर येत असेल तर येऊ द्यावा, वकिलाला पैसे देऊ नयेत. बेल्फास्टकडून घेण्याजोगे दुसरे काही आहे. शॉज रोडवर काही कुटुंबांनी आधी आयरिश बोलण्यासाठी एकत्र घरे बांधली आणि १९७१ मध्ये नऊ मुलांना घेऊन बुनस्कॉल फोबल फेर्श्ते ही शाळा काढली. सरकारी अनुदान मिळाले १९८४ साली. मधली तेरा वर्षे पालकांनी वर्गण्या जमवून शिक्षकांचे पगार भागवले. तुमच्या शाळेच्या शिक्षकांचे पगार सरकार पहिल्या दिवसापासून देते आहे. हा फरक बैठकीत एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

शेतीच्या कामाला सगळ्या गावाने एकमेकांकडे जाण्याच्या पद्धतीला आयरिशमध्ये ‘मेहल’ म्हणतात. आपल्याकडे त्यालाच इर्जिक म्हणतात. पालक संघाच्या पहिल्या बैठकीत हा शब्द तुमच्या कानावर पडेल, कारण रंगकाम, कुंपण, जत्रा अशा सगळ्याला ते तोच शब्द वापरतात. आणि तुम्ही त्यांना इर्जिक सांगितली, की बाहेरून आलेली म्हणून वाटणारा तुमचा संकोच कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

तेव्हा समितीवर जा, पण अध्यक्षपद घेऊ नका, चिटणीस व्हा. परिचारिकेला नोंदी ठेवण्याची सवय असते आणि या कामात त्या सवयीचीच वानवा असते. एक वही करा. कोण, कधी, काय म्हणाले आणि पुढची कृती कोणाची, एवढेच तिच्यात लिहा, आणि मुख्याध्यापकांना पहिल्या भेटीत इतकेच विचारा की टलामोरकडून आलेले शेवटचे पत्र कोणत्या तारखेचे आहे आणि त्याला उत्तर गेले का. वहीच्या पहिल्या पानावर वर शाळेचा रोल नंबर लिहून ठेवा : पाच आकडे आणि एक अक्षर. शाळेचे सुंदर आयरिश नाव कितीही वेळा उच्चारले तरी फोनवरचा माणूस आधी तोच नंबर मागतो.

तुमची,
काकू